ती रडत नाही, कुणाकडेही जाते : परदेशी जाणाऱ्या दत्तक नातीविषयी एका आजींना उत्तर

कोथरूडच्या एका आजींनी विचारलेल्या प्रश्नांचे हे उत्तर आहे. त्यांचा मुलगा आणि सून अनेक वर्षे जर्मनीत राहतात. त्यांनी मराठवाड्यातील एका संस्थेतून तेरा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, ‘कारा’चे (दत्तक प्रक्रियेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचे) प्रमाणपत्र व मुलीचा पासपोर्ट हाती येईपर्यंत तिघांचाही मुक्काम पुण्यात, आजी-आजोबांकडे आहे. मुलगी घरी येऊन अठरा दिवस झाले. ती रडत नाही, कोणीही हात पुढे केले की त्याच्याकडे जाते आणि समोरचे संपेपर्यंत खात राहते. दाढीवाल्या बाबाला पाहिले की मात्र अंग ताठ करते. आईपेक्षा आजीजवळ ती अधिक रमते, त्यामुळे सून खट्टू झाली आहे. बारसे कधी करावे, नाव बदलावे का, रजा संपत आल्यामुळे मुलाने एकट्याने आधी परत जावे का आणि देश बदलण्याचा मुलीला दुसरा धक्का बसेल का, असे आजींनी विचारले आहे.

आजी, तुमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ‘किती शहाणी पोर, रडणे म्हणून नाही’ असे म्हणत असेल आणि ते ऐकून तुम्हालाही बरे वाटत असेल. मी बालविकासाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काढली आहेत आणि उमेदवारीच्या काळात अशाच एका बाळाच्या अहवालात ‘घरात उत्तम रुळले आहे’ असे लिहून मोकळाही झालो होतो. ते बाळ माझ्याकडे आले, माझ्या सहकाऱ्याकडे गेले, दारातल्या शिपायाच्या कडेवरही तितक्याच आनंदाने बसले आणि निघताना त्याने आईकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. हे रुळणे नव्हते, हे मला फार उशिरा समजले. रडणे ही बाळाची हाक असते. संस्थेतल्या मावशी कितीही मायाळू असल्या तरी एका वेळी अनेक बाळे, पाळ्या बदलणाऱ्या बायका आणि ठरलेल्या वेळा यांत प्रत्येक हाकेला ओ देता येत नाही. ओ देणारे माणूसही दर आठ-दहा तासांनी बदलते. अशा वेळी बाळ हाक मारणे हळूहळू सोडून देते आणि जो हात पुढे येईल त्याच्याशी जुळवून घेते. जगण्यासाठी त्याने शोधलेला तो शहाणपणाचाच मार्ग असतो, परंतु घरात आल्यावर तो विसरायला त्याला आपणच मदत करावी लागते.

घरात जन्मलेले मूल साधारण सहा-सात महिन्यांचे झाले की आपले आणि परके यांत फरक करू लागते आणि आठव्या-नवव्या महिन्यात अनोळखी माणसाला पाहून भोकाड पसरते. आपण त्याला ‘ओळख यायला लागली’ म्हणतो. तुमच्या नातीला ती ओळख अजून यायची आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालामुळे, आईच्या मायेपासून दुरावलेल्या मुलांच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. रुमानियातील अतिशय वाईट अवस्थेतल्या अनाथालयांतून १९९० नंतर इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुले बहुतांशी इतरांच्या बरोबरीला आली. त्याहून अधिक काळ तिथे राहिलेल्यांपैकी काहींच्या अडचणी मात्र पुढेही टिकल्या. नेदरलँड्समधील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या वाढदिवसाच्या आत दत्तक गेलेल्या मुलांची आईवडिलांशी जडणारी माया पोटच्या मुलांइतकीच सुरक्षित आढळली. त्यानंतर घर मिळालेल्यांत ती जडायला थोडी अधिक अडचण दिसली. तुमची नात या रेषेच्या अगदी जवळ आहे, आणि तिची संस्था म्हणजे रुमानियातील अनाथालय नव्हे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, परंतु पुढचे काही महिने कसे जातात यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आता तुम्हाला कदाचित जड जाईल अशी गोष्ट सांगतो. भरवणे, आंघोळ घालणे, निजवणे आणि रडल्यावर उचलून समजावणे ही चार कामे पुण्यात असेपर्यंत आणि जर्मनीत गेल्यावरही निदान दोन-तीन महिने फक्त आई आणि बाबा यांनीच करावीत. मालिश करून आंघोळ घालणाऱ्या बाई तुम्ही ठरवल्या असतील, तर त्यांना आठवडाभर सुनेला शिकवायला येऊ द्यावे, पण बाळाच्या अंगाला हात सुनेचेच लागावेत. पायांवर पालथे घेऊन तेल लावताना ती चुकेल, बाळ घसरेल की काय म्हणून तुमचा जीव खालीवर होईल, तरी तुम्ही शेजारी पाटावर बसून फक्त गरम पाणी पुढे करावे. स्पर्श, तेलाचा वास, आईचा आवाज आणि नंतर दुपट्यात गुंडाळून घेतल्यावर मिळणारी ऊब हे सगळे रोज एकाच माणसाकडून मिळाले, की ‘हे माझे माणूस’ ही खूणगाठ बाळाच्या मनात बसत जाते. भूक लागली, हाक मारली, तेच माणूस आले आणि पोट भरले, हे वर्तुळ जेवढ्या वेळा पूर्ण होईल तेवढी माया घट्ट होते, आणि त्याला दुसरा जवळचा रस्ता माझ्या पाहण्यात नाही.

ती सुनेऐवजी तुमच्याकडे का झेपावते, याचाही विचार करू. तिला सांभाळणाऱ्या मावशी बहुधा साडी नेसणाऱ्या, हातात बांगड्या असलेल्या, मराठी बोलणाऱ्या प्रौढ स्त्रिया होत्या. तुमच्यात तिला ती ओळखीची मावशी दिसते आहे. सूनबाईंचे कपडे, अत्तराचा वास, मोकळे केस आणि मनावरचा ताण, यांतले काहीच तिच्या परिचयाचे नाही. म्हणून सुनेने महिनाभर अत्तर बंद ठेवावे, चालत असेल तर घरात सुती साडी नेसावी किंवा ओढणी घ्यावी आणि हातात दोन-चार बांगड्या घालाव्यात. संस्थेत फोन करून तिला कोणती मावशी निजवत असे, काय गुणगुणत असे, थोपटत असे की पायावर झोके देत असे, दिवा चालू असे की बंद, हे खोदून विचारावे आणि पहिले काही आठवडे तसेच करावे. तिथले एखादे वापरातले दुपटे किंवा झबले मिळाले तर ते न धुता तिच्या उशाशी ठेवावे.

ती दोन्ही हात पसरून तुमच्याकडे आली, तर तिला झिडकारायचे नाही. खाली बसून हसावे, ‘चल, आईकडे जाऊ’ म्हणावे, आईजवळ नेऊन तिच्या मांडीवर द्यावे आणि आपणही तिथेच बसावे. दिवसातून वीस वेळा हे करावे लागेल आणि प्रत्येक वेळी तुमच्या काळजात कळ उठेल, हे मी जाणतो. परंतु तिने तुमच्यात जीव गुंतवला आणि दोन महिन्यांनी तुम्ही विमानतळावर मागे राहिलात, तर ज्यांच्याबरोबर ती जाणार आहे त्यांच्याऐवजी सुटून गेलेल्या माणसावर तिची माया जडलेली असेल. आजीची जागा कोणी घेऊ शकत नाही, पण या मुलीला आजी मिळण्याआधी आई मिळाली पाहिजे. आज तुमचे खरे काम सुनेला सांभाळण्याचे आहे. तिला वेळेवर गरम जेवण मिळावे, दुपारी तासभर झोप मिळावी आणि फोन घ्यायला कोणीतरी असावे. बाळंतिणीचे जे कौतुक आपण करतो ते दत्तक आईच्या वाट्याला क्वचितच येते. बाळ हातात आले की त्याच क्षणी प्रेम दाटून येईल, अशी तिची समजूत असते आणि ते न आल्यास ती स्वतःलाच दोष देते. बाळंतिणीसारखी उदासी दत्तक आईलाही येऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती सतत रडवेली राहिली, तिची झोप उडाली किंवा बाळाजवळ जाणेच तिला नकोसे झाले, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे.

खाण्याविषयी तुम्ही लिहिले आहे की ती थांबतच नाही आणि गालात घास साठवून ठेवते. पुढचे जेवण कधी आणि किती मिळेल याची खात्री नसलेली मुले असे करतात. ताटली ओढून घेऊ नये, ‘पुरे आता’ म्हणून रागावू नये. दर अडीच-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे, आणि जेवण संपल्यावरही मऊ भाताचा किंवा केळ्याच्या फोडींचा छोटा वाडगा तिला दिसेल असा राहू द्यावा. अन्न नाहीसे होत नाही असा विश्वास बसला की हावरेपणा आपोआप ओसरतो. बहुतेक मुलांत तो काही आठवड्यांत कमी झालेला मी पाहिला आहे. संस्थेत बहुधा पातळसर अन्न मिळत असल्याने तिला चावायची सवय नसेल. म्हणून पोळीची घाई नको. वरण-भात, नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी आणि हळूहळू त्यात जाडसर घास, या क्रमाने जावे. एरवी वर्षाच्या मुलाची दुधाची बाटली सोडवा, असे मीच पालकांना बजावतो. इथे मात्र माझा सल्ला उलटा आहे. संस्थेत पुष्कळदा उशीच्या टेकूने बाटली लावली जाते आणि बाळाला दूध मिळते, पण पाजणारा चेहरा दिसत नाही. रात्री निजताना आईने तिला तान्ह्या बाळासारखे आडवे मांडीवर घेऊन, नजरेला नजर देत बाटलीने दूध पाजावे. हा राहून गेलेला भाग भरून निघू द्यावा आणि बाटली पुढे केव्हातरी सोडवावी. एवढेच पाहावे की दिवसभराचे दूध पाचशे मिलिलिटरच्या फार वर जाऊ नये, कारण दुधाने पोट भरले की लोह असलेले अन्न मागे पडते आणि अशा मुलांत रक्त आधीच कमी असण्याचा संभव असतो.

बाबाला पाहून ती ताठरते, यात त्याचा काही दोष नाही. संस्थेत पुरुष फारसे नसतात आणि जो एखादा दिसतो तो सुई टोचणारा डॉक्टर असतो. त्याचा आवाज आणि दाढी यांच्याशी तिचा हळूहळू परिचय होऊ द्यावा. त्याने उभ्याने वाकून तिला उचलू नये. जमिनीवर आडवे पडावे, तिच्याकडे टक लावून न पाहता काहीतरी गुणगुणत खेळणे सरकवत राहावे आणि तिने जवळ येऊन दाढीला हात लावला तर लावू द्यावा. दाढी काढण्याची गरज नाही. काढायचीच असेल तर तिच्यासमोर काढावी, नाहीतर तिच्या दृष्टीने आणखी एक माणूस नाहीसा होऊन नवा आला असे होईल. सकाळी तिला छातीशी झोळीत बांधून आईसह महात्मा टेकडीच्या पायथ्यापर्यंत फेरी मारावी, कारण चालण्याच्या लयीत मुलांची भीती जितकी विरघळते तितकी समजावण्याने विरघळत नाही. त्याने आधी एकट्याने परत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नुकता ओळखीचा झालेला माणूस महिनाभर गायब झाला तर तिने बांधलेला अंदाज पुन्हा ढासळतो आणि विमानप्रवासाचा सारा भार आईवर पडतो. जर्मनीच्या कायद्यात दत्तक पालकांपैकी दोघांनाही पालकत्व-रजा घेता येते, त्यामुळे वेळ न घालवता त्याने आपल्या कार्यालयाशी बोलावे.

बारसे जरूर करावे, पण इतक्यात नको. पाळण्याच्या वरून-खालून बाळाला या हातातून त्या हातात देण्याचा जो सोहळा असतो, तो या मुलीने तेरा महिने रोज अनुभवला आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी घरातल्या चार-पाच माणसांत, तिला आईच्या मांडीवरून न हलवता, कानात नाव सांगावे. नवे नाव ठेवायला हरकत नाही, परंतु संस्थेतल्या ज्या नावाला ती आज मान वळवते ते घरात हाक मारण्यासाठी राहू द्यावे. तिने बरोबर आणलेल्या थोडक्या गोष्टींपैकी ते एक आहे. कागदपत्रांत कोणते नाव घालायचे ते आदेश निघण्यापूर्वीच ठरवावे, मागाहून बदलताना फार पायपीट होते. पाहुण्यांना ‘महिनाभर थांबा’ असे तुम्ही, घरातल्या मोठ्या बाईने, ठामपणे सांगितले तर कोणी रागावणार नाही. आणि कोणी ‘मुलगी कुणाची आहे’ म्हणून चौकशी करू लागले, तर ‘आमची’ एवढेच उत्तर पुरे. ज्या पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे यशवंतला दत्तक घेऊन डॉक्टर केले, त्या पुण्यात याहून अधिक खुलासा द्यावा लागू नये.

देश बदलण्याचा धक्का बसेल, पण तो पेलता येण्याजोगा असतो, कारण या वेळी तिची माणसे तिच्याबरोबर जाणार आहेत. जागा बदलली तरी वेळा, वास, ताट आणि अंगाई बदलू देऊ नये. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात झोपेची वेळ रोज थोडी पुढे न्यावी. जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर ते साडेचार तास होते. विमान वर चढताना आणि उतरताना तिला बाटली द्यावी, गिळत राहिल्याने कान दुखत नाहीत. तिथे पहिले काही महिने वेगळ्या खोलीत झोपवू नये. पाळणा आईबाबांच्या पलंगाला लागून असावा आणि मंद दिवा चालू ठेवावा. घरात मराठीच बोलावे, जर्मन तिला पुढे बाहेर आपोआप येईल. चीनमधून बाळपणी फ्रेंचभाषक घरांत दत्तक गेलेल्या मुलींच्या मेंदूत, त्यांना त्या भाषेचा एकही शब्द आठवत नसताना, चिनी स्वरांच्या खुणा शिल्लक असल्याचे कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. तुमच्या नातीला तर तिची भाषा हरवण्याची गरजच नाही.

काही गोष्टी पुण्यातून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्याव्यात. तिच्या कमरेखाली किंवा पाठीवर निळसर-करडे डाग असतील, आणि आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना ते असतात, तर त्यांची नोंद छायाचित्रासह असावी, कारण पाश्चात्त्य देशांत कधीकधी ते माराचे वळ समजले जातात आणि पालकांवर नाहक संशय येतो. डाव्या दंडावरच्या बीसीजीच्या, म्हणजे क्षयरोगाच्या लसीच्या, व्रणाचीही नोंद हवी, कारण जर्मनीत ही लस १९९८ पासून सर्वांना दिली जात नाही. लसीकरणाचे कार्ड इंग्रजीत करून घ्यावे. तिथे पाळणाघरात प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. रक्तातील हिमोग्लोबिन, शौचाची तपासणी आणि कानांची तपासणी आताच करून घ्यावी, कारण हाकेला न वळणारे मूल हट्टी आहे, अलिप्त आहे की त्याला ऐकूच कमी येते आहे, हे तपासल्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही. दत्तक घेतल्यानंतर मूल कसे आहे याच्या पाठपुराव्याचे अहवाल पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात. भेटीला येणाऱ्या समाजसेविकेला परीक्षक न समजता तिला खऱ्या अडचणी सांगाव्यात, असे सूनबाईंना आवर्जून सांगा.

घरात येऊन चार महिने होऊनही ती वळून न पाहता कुणाच्याही मागे जात राहिली, भरवताना नजर टाळत राहिली, तासन्‌तास एकटी डोलत बसली, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागली, तर तिथल्या बालविकासतज्ज्ञांना लगेच दाखवावे. परंतु त्याआधी एक वेगळाच बदल दिसेल आणि त्याने घर घाबरेल. एके दिवशी सून न्हाणीघरात जाईल आणि ही दाराबाहेर बसून टाहो फोडेल. रात्री तीनदा उठेल, आईचा पदर सोडणार नाही, तुमच्याकडेही येणार नाही. ‘आता बिघडली, सवय लागली’ असे शेजारी म्हणतील. त्या दिवशी मला फोन करायचा असेल तर जरूर करा, मी अभिनंदनच करीन. तिने पुन्हा हाक मारायला सुरुवात केली आहे आणि कुणाला मारायची हे तिला कळले आहे.

तुमच्यासाठी एक काम राखून ठेवले आहे. तुमच्या जुन्या मऊ साड्यांची एक लहान गोधडी शिवा आणि आजपासूनच ती तिच्या अंगावर घालायला द्या. ती गोधडी न धुता तिच्याबरोबर जर्मनीला जाऊ द्या. तिथून रोज ठरलेल्या वेळी, पाच-दहा मिनिटेच, तिला आईच्या मांडीवर बसवून तुमच्याशी व्हिडिओवर बोलू द्यावे आणि दर वेळी तुम्ही तेच एक गाणे म्हणावे. निघण्याच्या रात्री आपल्याकडची जुनी रीत तेवढी मोडा. मूल रडू नये म्हणून आपण त्याचा डोळा चुकवून सटकतो. या मुलीच्या आयुष्यातून आजवर जी माणसे गेली ती सगळी डोळा चुकवूनच गेली. तुम्ही विमानतळाच्या दारापर्यंत जा, ती आईच्या कडेवर असतानाच तिच्यासमोर उभ्या राहा, ‘आजी घरी चालली, उद्या फोनवर भेटू’ असे तिला ऐकू जाईल असे सांगा, हात हलवा आणि मगच वळा.